गाळलेली फोडणी

हॉस्पिटलच्या स्वयंपाकघरात खरा मालक म्हणजे तिथला फळा. सकाळी साडेपाचला रात्रपाळीची सिस्टर वॉर्डातून आकडे कळवते आणि आचारी खडूनं ते रकान्यांत मांडतात: फुल, सॉफ्ट, लिक्विड, आरटी. आरटी म्हणजे नाकातल्या नळीतून जेवणारे. पुण्यातल्या एका मोठ्या रुग्णालयात मी आहारतज्ज्ञ म्हणून रुजू झाले, त्या पहिल्या सकाळी 'सॉफ्ट'खाली सदतीसचा आकडा होता आणि त्या सदतीस माणसांसाठी पातेलं एकच. मुगाची खिचडी, हळद घातलेली, मीठ जेमतेम, फोडणी नाही. तिला सगळे 'पिवळं' म्हणायचे. "पिवळं उतरलं का?" "पिवळ्यात पाणी घाल रे, चार पेशंट वाढलेत."

नव्या माणसानं जेवण कसं शिजतं ते आधी बघावं, असं मला सगळ्यांनी सुचवलं. मी परत आलेली ताटं बघत बसले. ती सवय मला कॉलेजातल्या बाईंनी लावली होती. वॉर्डातल्या फाइलीत 'जेवण घेतले' असं लिहिलेलं असतं. ट्रॉलीवरून खाली येणाऱ्या ताटात पिवळं जसंच्या तसं, वर साय धरल्यासारखा पापुद्रा आलेलं, आणि मध्ये चमच्यानं पाडलेला एक खड्डा. कुणीतरी एक घास घेऊन सोडून दिलेलं.

दुपारी मी त्या सदतीस जणांची यादी घेऊन वॉर्ड फिरले. एका काकांना टायफॉइडनंतर मऊ खायला सांगितलं होतं. दात शाबूत, भूक खवळलेली. एका आजींची कवळी घरी राहिली होती, बाकी घसा ठणठणीत. एका मुलाचा मोटरसायकलवरून पडून जबडा मोडला होता आणि वरचे-खालचे दात तारेनं एकत्र बांधलेले होते. एका बाईंच्या गालाच्या कॅन्सरचं ऑपरेशन होऊन वर रेडिएशन चालू होतं, तोंड आतून सोललेलं. एका निवृत्त गुरुजींना अर्धांगाचा झटका येऊन गेला होता आणि त्यांना गिळताच नीट येत नव्हतं.

या सगळ्यांच्या कागदावर डॉक्टरांनी एकच शब्द लिहिला होता आणि त्या शब्दाचे स्वयंपाकघरात तीन अर्थ एकात एक कालवले गेले होते: मऊ, पातळ आणि अळणी. टायफॉइडवाल्या काकांना मऊ हवं होतं, पातळ नको होतं. गुरुजींना पातळ तर विषासमान. आजींना अळणी कशासाठी द्यायचं, याचं उत्तर कुणाकडेच नव्हतं. पुढची बावीस वर्षं मी त्या स्वयंपाकघरात जे काही केलं, ते म्हणजे हे तीन शब्द एकमेकांपासून सोडवत बसणं.

आमचे मुख्य आचारी रत्नागिरीकडचे. सगळा स्टाफ त्यांना मामा म्हणायचा, मीही. हात असा की चारशे माणसांच्या आमटीत मीठ मुठीनं टाकावं आणि चाखूनही बघू नये. पण पेशंटच्या जेवणाबद्दल त्यांचं मत पक्कं होतं. "मॅडम, पेशंटचं जेवण पेशंटचंच लागाया हवं. चवीचं लागलं तर तो घरी कशाला जाईल?"

त्यांना पटवायला मला शेवटी आयुर्वेदाचा आधार घ्यावा लागला. माझ्या चुलत आजोबांकडे वैद्यकीची जुनी पुस्तकं होती. पंचकर्मानंतर रोग्याला पुन्हा जेवणावर आणण्याचा त्यातला क्रम मला लहानपणापासून ऐकून माहीत होता. आधी पेया, मग घट्ट विलेपी, मग मुगाचं यूष. हे यूष दोन प्रकारचं. आधी अकृत, म्हणजे स्नेह, मीठ, मसाला काही नसलेलं. मग कृत, म्हणजे ते सगळं घातलेलं. घट्टपणाच्या पायऱ्या वेगळ्या, चवीच्या वेगळ्या. अळणी हा मुक्कामाचा पत्ता नव्हता, मधला थांबा होता.

मामांनी ऐकून घेतलं. "म्हणजे आधी बिनफोडणीचं, मग फोडणीचं. हे तर आमची आई पण करायची. मग इथं बिनफोडणीवरच गाडी का थांबली?"

मी म्हटलं, मोहरी आणि कढीपत्ता घशात अडकतो म्हणून. आणि ते खरंच आहे. ज्याला गिळायचा त्रास आहे त्याच्या घशाशी मोहरीचा एक दाणा चिकटला तर खोकून खोकून जीव जातो.

मामा काही बोलले नाहीत. संध्याकाळी त्यांनी कढल्यात तूप तापवलं, जिरं, हिंग, कढीपत्ता, चिमूटभर मेथी टाकली, सगळं तडतडू दिलं आणि चहाची स्टीलची गाळणी पातेल्यावर धरून फोडणी तिच्यातून ओतली. दाणे गाळणीत, वास खिचडीत. त्या रात्री तिसऱ्या मजल्यावरच्या मावशींनी इंटरकॉमवरून विचारलं, "आज खाली कुणाचं लग्न आहे का?" पातेल्याचं नाव 'पिवळं'च राहिलं, पण ताटं निम्मी रिकामी येऊ लागली.

गुरुजींचं प्रकरण एवढ्यावर सुटणारं नव्हतं. त्यांना वाटलेलं अन्न द्यायचं होतं आणि वाटलेलं म्हणजे काय, तर त्या वेळची पद्धत अशी की फुल डाएटचं एक ताट घ्यायचं, पोळी, दुधीची भाजी, वरण, भात, काकडीची कोशिंबीर, सगळं मिक्सरच्या भांड्यात कोंबायचं आणि फिरवायचं. जे तयार व्हायचं त्याचा रंग एसटी कंडक्टरच्या गणवेशाचा. ते पेल्यात घालून वर पाठवायचं. पोषणाच्या हिशेबात चूक काहीच नाही. पोळीही आली, भाजीही आली.

गुरुजींची वाचा गेली होती पण हात शाबूत होता. उशाशी पाटी होती. त्यांनी पाटीवर सुबक अक्षरात लिहिलं: "हे काय आहे?"

मावशी म्हणाल्या, "जेवण आहे, गुरुजी."

त्यांनी पुसून लिहिलं: "कोणतं?"

मावशींनी तो पेला आणि ती पाटी दोन्ही खाली माझ्यासमोर आणून ठेवली. त्या पाटीला माझ्याकडे उत्तर नव्हतं. जगभरच्या आहारशास्त्राच्या पुस्तकांत लिहिलेलं असतं की वाटलेले पदार्थ वेगवेगळे वाढावेत. परीक्षेत मी तेही लिहिलं होतं. पण त्या पेल्यानं जितकं कळलं तितकं त्या पुस्तकांनी कळलं नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून गुरुजींचं ताट वेगळं लागलं. लाल भोपळ्याची भाजी गुळाचा खडा घालून शिजवलेली आणि मग वाटलेली. वरण घोटून, हिंग लावून, गाळून. भात. ताकाची घट्ट कढी. चारही रंग वेगळे, चार वाट्या. मामा स्वतः वर गेले, पंक्तीत वाढपी सांगतो तसे पदार्थ सांगत वाढू लागले: "हे वरण, ही भोपळ्याची भाजी, ही कढी." गुरुजींनी सगळं पाहिलं आणि पाटीवर लिहिलं: "लिंबू कुठाय?"

बरोबर होतं. मराठी ताटात वरच्या बाजूला मीठ, लिंबू आणि डाव्या हाताला चटणी-कोशिंबीर नसेल तर ते ताट नव्हेच. तेव्हापासून वाटलेल्या जेवणाच्या ताटातही डावी बाजू आली. कोथिंबिरीची चटणी दह्यात अगदी गुळगुळीत वाटून, चहाच्या चमच्याएवढी. लोणच्याची फोड चालत नाही, पण लोणच्याचा खार चालतो! मऊ भातावर आंब्याच्या लोणच्याच्या खाराचे दोन थेंब पडले की पेशंट आपणहून पुढचा घास मागतो, हे मी शपथेवर सांगायला तयार आहे. लिंबाची बी गाळून रस वरणात.

भाताची मात्र आठवडाभर फजिती चालली. शिजलेला भात मिक्सरमधून काढला की त्याचा डिंक होतो. पाणी घाला, दूध घाला, तो चमच्याला लोंबतो आणि टाळ्याला चिकटतो. बटाट्याचं तसंच. मी ग्राइंडर बदलून बघितला, वेग कमी करून बघितला. मामा दोन दिवस गंमत बघत होते. मग म्हणाले, "मॅडम, मेलेल्याला मारून काय मिळणार? आधी दळा, मग शिजवा." तांदूळ धुऊन, फडक्यावर वाळवून, त्याची बारीक कणी काढली, तुपावर परतली आणि सहापट पाण्यात मंद शिजवली. गुरगुट्या भात. बाळाला उष्टावणानंतर जो देतात तोच. मिक्सरला हातही लागला नाही आणि डिंकही झाला नाही.

पाण्याबद्दल मी मामांना एक गोष्ट परत दिली. मऊ जेवणाऱ्याचं पोट लहान झालेलं असतं, तो सात-आठ चमचे खाऊन थांबतो. घट्ट वाटलं म्हणून त्यात पाणी घातलं की त्याच सात-आठ चमच्यांत निम्मंच अन्न उरतं. सैल करायचं तर दुधानं, वरणाच्या वरच्या पाण्यानं, नारळाच्या दुधानं, ताकानं. चहाचा एक चमचा तूप म्हणजे सुमारे 45 कॅलरी, एक अंडं म्हणजे 6 ग्रॅम प्रथिनं. हे आकडे मामांनी भिंतीवर खडूनं लिहून घेतले आणि पुढे प्रत्येक पातेल्यात इतकं तूप सोडायला लागले की मला त्यांना आवरावं लागलं.

आता माझी चूक. ती सांगितल्याशिवाय पुढे जाणं बरं नाही.

झटक्यानंतर घसा दुबळा झालेल्यांना सगळ्यांत धोका असतो तो पाण्याचा. साधं पाणी इतकं झटकन वाहतं की घसा दार लावेपर्यंत ते श्वासनळीत उतरलेलं असतं. नातेवाइकांना हे पटत नाही. भात देऊ नका म्हटलं तर ऐकतात, पाणी देऊ नका म्हटलं की तुम्हाला निर्दय समजतात. एका बाबांना कपातलं आइस्क्रीम भरवायचं का, असं त्यांच्या लेकीनं मला विचारलं. मी हो म्हटलं. चमच्यात ते घट्ट होतं, मऊही होतं, मला काय वाटायचं होतं? पाच मिनिटांत बाबा खोकून लाल झाले. आमच्या स्पीच थेरपिस्टनं मला कॉरिडॉरमध्ये उभं करून समजावलं: आइस्क्रीम जिभेवर विरघळतं आणि घशापर्यंत जाताना ते पाणी असतं. बाबांना पुढे काही झालं नाही, पण त्या दिवसापासून मी पदार्थ ताटात कसा दिसतो ते बघायचं सोडून घशाशी पोचताना त्याचं काय झालेलं असतं ते बघू लागले. कलिंगडाची फोड मऊ, पण चावली की पाणीच पाणी. दुधात भिजवलेले पोहे मऊ, पण त्यात दोन वस्तू दोन वेगानं धावतात. साबुदाण्याची खीर तर चिकटही आणि निसटतीही. उपासाच्या दिवशी ती वर जाऊ नये म्हणून एकादशीला मी सकाळीच फळ्यापाशी उभी असायचे. भगर घोटून दाण्याच्या दुधाच्या आमटीत, हा आमचा तह.

चहानं तर आमची अक्षरशः परीक्षा घेतली. महाराष्ट्रात माणसाला जेवण नको म्हणता येतं, चहा नको म्हणता येत नाही. घट्ट चहा द्यायचा म्हणून मामांनी कॉर्नफ्लोअर लावून शिजवला, खिरीसारखा. वर गेला तेव्हा घट्ट, अर्धा कप संपेपर्यंत पातळ. मावशींवर संशय घेतला की त्या पाणी मिसळतात. मावशी रुसल्या. मामांनी दुसऱ्या कंपनीचं कॉर्नफ्लोअर आणलं, तरी तेच. उलगडा झाला तो मला कपाशेजारी बसल्यावर: चमचा तोंडात जायचा, लाळ घेऊन कपात परत यायचा. लाळेतलं अमायलेज पिठाचा स्टार्च फोडतं, म्हणून पेशंटची लाळच चहा पातळ करत होती. मावशींची माफी मागितली. पुढे झँथन गमची पूड मिळू लागली, तिला लाळ काही करत नाही. तोवर चहा दोन लहान कपांत निम्मा निम्मा द्यायचा, हा उपाय चालला.

2013 साली या विषयातली काही मंडळी जगभरातून एकत्र आली आणि त्यांनी अन्नाच्या घट्टपणाची शून्य ते सात अशी एक पट्टी बनवली, आयडीडीएसआय नावाची. शून्य म्हणजे पाणी, चार म्हणजे गुळगुळीत वाटलेलं, सात म्हणजे आपलं नेहमीचं जेवण. तिची मजा अशी की मोजायला यंत्र लागत नाही. 10 मिलीची सिरिंज भरा, दहा सेकंद वाहू द्या, किती उरलं त्यावरून पातळाची पायरी कळते. काट्यानं दाबून बघा, अंगठ्याचं नख पांढरं होईपर्यंत, आणि तुकडा चिरडून परत उठला नाही तर तो मऊ. काट्याच्या दातांमधली फट साधारण 4 मिलिमीटर असते. पाचव्या पायरीवरचा, म्हणजे बारीक केलेल्या ओलसर जेवणातला, कण तिच्यात मावला पाहिजे. मी ही पट्टी छापून आणली. मामांनी चष्मा लावून वाचली, म्हणाले, "एवढे आकडे वॉर्डातल्या पोरांच्या ध्यानात राहतील?" आणि फळ्यावरचा 'सॉफ्ट'चा रकाना पुसून तिथं चार शब्द लिहिले: मऊ तुकडा, कुस्करलेलं, घोटलेलं, गाळलेलं. मामांना सातवीच्या पुढं शाळा मिळाली नव्हती. आंतरराष्ट्रीय समितीला इंग्रजीत जे जमलं ते त्यांनी चार शब्दांत बसवलं होतं.

तारेनं दात बांधलेला मुलगा कोल्हापूरचा. त्याच्या पलंगाच्या उशाला एक पक्कड टांगलेली असायची, वायर कापायची. उलटी आली तर तोंड उघडता आलं पाहिजे म्हणून ती तिथं ठेवावीच लागते. नवे नातेवाईक ती बघून दचकायचे. पाच आठवडे तो गाळलेल्यावर जगला. दुधातली नाचणी, गाळलेलं वरण, फळांचा रस, सगळं दातांच्या फटीतून स्ट्रॉनं. वजन उतरत होतं आणि त्यापेक्षा तोंड उतरत होतं. एका दुपारी त्याच्या खोलीतून कांदा-खोबऱ्याच्या भाजल्या मसाल्याचा वास आला. आईनं थर्मासमध्ये मिसळीचा कट आणला होता, दोनदा फडक्यातून गाळलेला. मी दारात उभी. आई पदराआड थर्मास लपवत होती आणि मुलगा बांधलेल्या दातांतून म्हणाला, "मॅडम, तुम्हीच म्हणाला होता गाळलेलं चालतं."

चालत होतं. त्याच्या तोंडात जखम नव्हती, पोटाचं काही नव्हतं, घसा तर तरुण. अळणी देण्याचं एकही कारण नव्हतं, आम्ही सवयीनं देत होतो. मी फक्त तेलाचा तवंग काढायला लावला आणि मटकी शिजवून, वाटून, चाळणीतून घासून त्या कटात मिसळायला सांगितली, म्हणजे नुसतं तिखट पाणी न राहता पोटात काही जाईल. दुसऱ्या आठवड्यात मावशी म्हणाल्या, पोरगा अळणी रस्सा मागतोय. कोल्हापुरात मटण शिजलं की मसाला घालण्याआधीचा अळणी रस्सा आधी लेकरांना आणि आजाऱ्यांना देतात, ही त्या गावाची रीतच आहे. नावात अळणी असूनही त्याच्यासारखं चवदार काही नाही. आमचं स्वयंपाकघर शाकाहारी, त्यामुळे तोही थर्मासमधूनच आला. मी बघितलं नाही असं सगळ्यांचं ठरलं.

गालाच्या कॅन्सरच्या बाईंपाशी हे सगळं लंगडं पडलं. आपल्याकडे मिशरी लावणाऱ्या बायका अजून आहेत, सुपारी-तंबाखूचे बार भरणारेही आहेत. राज्यात गुटख्यावर 2012 पासून बंदी आहे आणि वॉर्ड तरी भरलेला असतो. सुपारीनं गालाचा आतला पडदा ताठ होतो, तोंड उघडत नाही. निरोगी माणसाची तीन बोटं उभी तोंडात मावतात, यांचं एकही मावत नसे. वर रेडिएशननं लाळ आटलेली, जिभेला चव नाही. बाई म्हणायच्या, "साखरपण मातीच लागतीया." खार नको, लिंबू नको, मिरची नको, गरम नको, जे जे मी इतरांना दिलं होतं ते सगळं इथं आग होतं. मेतकूटसुद्धा कोरडं म्हणून टाळ्याला चिकटायचं.

त्या अलिबागकडच्या. एका दुपारी त्यांच्या सुनेनं मला विचारलं, मासळी चालेल का. त्यांना बोंबलाशिवाय जेवणच जात नाही. मला तिथंच उत्तर सापडलं. ताजा ओला बोंबील हा निसर्गानंच मऊ डाएटवर ठेवलेला मासा आहे. मधला काटा अलगद ओढून काढला की बाकी जे उरतं ते चावायची गरज नाही, जिभेनं दाबलं की मोडतं. सुनेला सांगितलं: मिरची नाही, कोकम नाही, फक्त हळद, मीठ, आलं ठेचून पिळून त्याचं पाणी, आणि नारळाचं दाट दूध. कोमट द्या. बाईंना चव कितपत लागली देव जाणे. पण चमचा तोंडाशी नेताना त्यांनी आधी वास घेतला आणि म्हणाल्या, "बोंबील हाय." वाटी संपायला पाऊण तास लागला. त्या पाऊण तासात मी दोन वॉर्ड करून परत आले होते.

गुरुजी गणपतीपर्यंत तिथंच होते. चतुर्थीला मोदक कसा द्यायचा? उकड चिकट, ओल्या खोबऱ्याचा कीस म्हणजे नुसता भुसा. मामांनी खोबरं वाटून त्याचं दाट दूध काढलं, तांदळाच्या पिठीला त्या दुधात सैल शिजवलं, इतकं की चमचा तिरका केल्यावर गोळा एकसंध घसरून पडावा, मागे लेप राहू नये. दुसऱ्या पातेल्यात उरलेल्या दुधात थोडी पिठी, वेलची, जायफळ आणि आच बंद केल्यावर गूळ. आधी घातला की दूध फाटतं. मग साच्यात भरून मोदक पाडायचा पराक्रम केला. साचा उघडला आणि मोदक शांतपणे बसला. "बाप्पा बसले, मॅडम," मामा म्हणाले. शेवटी वाटीतच वाढायचं ठरलं. पण हळदीचं पान वाटीच्या तळाशी घालून सगळं वाफवलं होतं. पान काढून घेतलं तरी वास राहिला होता, तोच तो चतुर्थीच्या सकाळचा. गुरुजींनी चार चमचे खाल्ले. पाटी मागितली. आम्ही दोघं उभे, मला वाटलं आता काहीतरी हळवं वाचायला मिळणार. त्यांनी लिहिलं: "सारण कमी."

माझ्या वडिलांच्या कवळीनं मला शेवटचा धडा दिला. घसा उत्तम, भूक उत्तम, आणि थालिपीठ पाहिजे. आईनं दुधात भिजवून दिलं तर ताट सरकवलं. थालिपिठाची चव निम्मी तव्यात असते आणि निम्मी भाजणीत. तव्याची गेली तरी भाजणीची देता येते. भाजणीची उकडपेंडी केली, नेहमीपेक्षा दुप्पट पाणी आणि ताक घालून, वर लोण्याचा गोळा. खाल्ली. मग म्हणाले, पापड. कुरकुरीतपणाला पर्याय नाही, त्याचं मी कधीच कुणाला वचन दिलं नाही. पण पापडाची चव देता येते: उडदाच्या भाजल्या डाळीचं पीठ दह्यात कालवून, हिंग आणि तिखटाची फोडणी देऊन केलेलं डांगर. वडिलांनी बोटानं चाटलं. "हे पापडच आहे की. वाळवायचं राहून गेलं वाटतं."

घरी आठवड्याचा बेत लिहायला मी पदार्थांपासून सुरुवात करत नाही. दर जेवणात एक आंबट, एक भाजल्या वासाचं, एक गोडसर, आणि मग त्यांना मऊ कशात बसवायचं ते. आंबटाला आंबील, कढी, ताकातली उकड. भाजल्या वासाला वांग्याचं भरीत बिया काढून, नाही तर भाजणी. गोडाला भोपळा, खरवस, गव्हाच्या चिकाची खीर. रोजचं गणित एवढंच. बाकी घरात काय उरलंय त्यावर.

मामा निवृत्त होऊन गावी गेले. मागच्या शिमग्यानंतर त्यांचा फोन आला. सगळे दात काढले होते, कवळी बसायला अवकाश होता. "मॅडम, सून मला बिनमिठाची पेज देतीय. म्हणते, डॉक्टरनी सॉफ्ट सांगितलंय."

मी म्हटलं, फोन तिला द्या.

सून बिचारी घाबरलेली. मी तिला लोणच्याचा खार सांगितला, तूप सांगितलं, डांगर सांगितलं. ती सगळं लिहून घेत होती. "आणि मॅडम, फोडणी दिली तर मोहरी..."

मागून मामांचा बिनदातांचा आवाज आला, "चहाची गाळणी घे! फडताळात खालच्या फळीवर आहे."